व्हायब्राफोनवरून भांडण

बाबा, एक नवा अल्बम आला आहे आणि त्यावरून आमच्यात चांगलंच भांडण झालं आहे. तुम्ही असता तर माझ्या विरुद्ध बाजूला बसला असता, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच तुम्हाला सांगायला बसले. अल्बम जॅझचा आहे. जॅझ म्हणजे काय ते तुम्हाला कधी कुणी सांगितलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नसतं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं संगीत, एवढं धरून चाला. त्यातल्या एका प्रकारात ऑर्गन असतो, पण नाटकात तुम्ही वाजवायचा तसा भात्याचा नाही, विजेवरचा. तुमचे पाय आयुष्यभर हवा भरत राहिले. हा वाजवणाऱ्याला हवा भरायची नसते, म्हणून तो पायांनी खालचे जाड सूर वाजवतो आणि दोन्ही हात वर मोकळे. गाणारा कुणीच नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी तोंड उघडत नाही. आणि ह्या नव्या अल्बममध्ये ऑर्गनच्या शेजारी व्हायब्राफोन आहे. धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्याखाली नळ्या, नळ्यांच्या तोंडाशी फिरणाऱ्या चकत्या. वरून मऊ गुंडीच्या काडीने पट्टी वाजवली की सूर लगेच मरत नाही, तळ्यात खडा टाकल्यावर पाणी हलत राहावं तसा हलत राहतो. भांडण ह्या पट्ट्यांवरून आहे.

भांडणारे आम्ही चौघं. लाखनीला हायवेवर माझ्या वर्गमित्राचं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे, लग्नाबिग्नात स्पीकरचे मोठे डबे लावतो तो. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून घरी जाताना एक दिवस त्याच्या दुकानासमोर थांबले, कारण आत ऑर्गन वाजत होता आणि बराच वेळ होऊनही गाणं काही सुरू होत नव्हतं. मी वाट पाहत उभी. बाहेर ट्रक जात होते, धुरळा उडत होता, आणि आत ऑर्गन एकटाच चालला होता, कुणाची वाट न बघता. शेवटी आत जाऊन विचारलं, गाणं कधी येणार? तो वायर सोलता सोलता म्हणाला, "गाणं नाई येत याच्यात. डबा चेक कराले लावलो. खालचे सूर मस्त हायेत म्हून." मी स्टुलावर बसले आणि पुन्हा लावायला सांगितलं. ते तिसऱ्यांदा संपलं तेव्हा त्याने चहा मागवला. तिथून सुरू झालं. पुढे कोंढ्याची एक कृषी सहायक पोरगी आमच्यात आली. ती शाळेच्या बँडमध्ये पट्ट्यांची घंटी वाजवायची. आणि चौथे तबलेवाले काका, तुमचेच. तुमच्या बाजूला बसून जन्म घालवलेला माणूस, आता कान थोडे गेलेत, पण रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं पाडून आम्ही ऐकायला बसलो की एसटीने येतात. येतात आणि प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतात. मला ते आवडतं. तुमची जागा कुणीतरी चालवतंय असं वाटतं.

तुमची जागा म्हणजे काय, ते मी फार लवकर शिकले. आई चुलीपुढे बसली आहे, मी बाहेरच्या खोलीत ऑर्गनवरची गोधडी काढून वाजवते आहे. दहा-अकरा वर्षांची असेन. पायडलपर्यंत पाय पुरत नाहीत म्हणून स्टुलाच्या अगदी टोकाला सरकले आहे. तुम्ही धानाच्या बांधीतून येता, पाय चिखलाने भरलेले, आणि दारातच थांबता. "गाणं कोणतं हाय हे?" मी म्हणते, गाणं नाही, नुसतं वाजवून राहिली. तुम्ही हसता. "नवरदेवाबिगर वरात काढून राहिली का?" आईसुद्धा हसते. मग तुम्ही पाय धुऊन येता, माझ्या मागे उभे राहून नायिकेच्या प्रवेशाचं पद गुणगुणता आणि मला त्याच्यामागे चालायला शिकवता. सूर धरायचा, सोडायचा नाही, वर चढायचं नाही. बाई श्वास घेते तेव्हा आपणही श्वास घ्यायचा. तुमचा हात किती हलका होता. नाटक चालू असताना ऑर्गन आहे हे लोकांच्या ध्यानात येऊ नये, ही तुमची कमाई होती, आणि तुम्ही ती फुशारकीने सांगायचा. मी ती मानली. आजही मानते. पण माझ्या वाट्याला तेवढंच, हे कुणी मला विचारून ठरवलं नव्हतं.

सानगडीची तालीम तुम्हाला आठवत असेल. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत नाटक होतं, आणि धान कापताना विळा लागून तुमच्या बोटाला फडकं बांधलेलं. त्या एका दुपारी तुम्ही मला बसवलंत. मी कॉलेजला जायला लागले होते. शाळेच्या व्हरांड्यात अख्खं नाट्यमंडळ बसलेलं, तबल्यावर काका, समोर नाटक कंपनीतून आलेली नायिका. तिने पदाची ओळ संपवली आणि दुसरी ओळ उचलायच्या आधी थांबली. त्या थांबण्यात मी माझं काहीतरी वाजवलं. लहानसं, चार-पाच सुरांचं, तिच्या ओळीला उलटून विचारल्यासारखं. ती चकित होऊन माझ्याकडे बघायला लागली. तुम्ही उठलात, आलात, आणि चांगल्या हाताने झाकण खाली केलं. मी बोटं काढून घेतली नसती तर चेंगरली असती. सगळ्यांसमोर म्हणालात, "ऑर्गननं मागं राहाचं असते. पुढं जाचं असन तं गळा घेऊन ये." काका तबल्याची गादी नीट करत बसले. मी चपला घालून निघाले ती बस स्टँडवर येऊन रडले, आणि तिथेच डोळे पुसले.

मग कंपन्यांमध्ये सिंथेसायझर आले आणि तुमची बोलावणी थांबली. तुम्ही त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. मला ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा तुम्ही भंडाऱ्याला जाऊन माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलंत, सोनेरी पट्ट्याचं, स्वतः निवडून. त्याच महिन्यात ऑर्गन बैलबंडीत घालून सानगडीच्या मंडळाला देऊन टाकलात. मी घरी आले तर भिंतीशी चौकोनी रिकामी जागा. आईने विचारलं, पोरीले काहून नाई देलं? तुम्ही म्हणालात, "ते कोणासाठी वाजवन?" बाबा, तुम्हाला ह्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. पण उत्तर आहे. माझ्यासाठी. शटर अर्धं पाडलेल्या दुकानात बसलेल्या तीन माणसांसाठी. किंवा कुणासाठीच नाही. वाजवणाऱ्याने वाजवलं एवढं पुरे असतं, हे मला त्या साउंडच्या दुकानात स्टुलावर बसून समजलं, आणि ते मी आता परत देणार नाही.

तर त्या रविवारी नवा अल्बम लावला. तीन रचना होईपर्यंत कुणी हललं नाही. मग मित्राने आवाज बारीक केला आणि म्हणाला, "जमलं नाई. दोघायचाबी आवाज एकाच पट्टीत येऊन राहिला. एक दुसऱ्याले खाते." काकांना एवढंच हवं होतं. "मी कवाचा तेच म्हणून राहिलो. एका ताटात दोघं जेवून राहिले. ऑर्गन काय कमी होता का? भरलेला असते तो. त्याच्यावर हे टिणटिण कायले?" कोंढ्याची पोरगी घंटी वाजवलेली, तिला ते लागलं. "काका, टिणटिण नोका म्हणू. तो सूर किती वेळ थांबते पाहा ना. ऑर्गनवाला त्याच्यासाठी जागा सोडून राहिला." काका म्हणाले, "जागा सोडाची असन तं दोघं कायले बोलावले?" मी मध्ये पडले. तिसऱ्या, संथ रचनेतली ती जागा पुन्हा लावायला सांगितली, जिथे व्हायब्राफोनचा सूर अजून हलतो आहे आणि ऑर्गन तो विझण्याची वाट न बघता आत शिरतो. "ऐका. कोणीच कोणाच्या मागं नाई. एकाचं संपाच्या आधी दुसरा सुरू होते, घरी बोलतो तसं. मले तं हे भांडण नाई वाटत." काकांनी चष्मा काढून पुसला. "तुझे बाबा असते तं उठून गेले असते." आणि बाबा, मी म्हणाले, "गेले असते तं जाऊ देलं असतं." मित्र उगाच फोनमध्ये बघायला लागला. काका माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, पण हसलेही नाहीत. संध्याकाळच्या एसटीने निघून गेले.

तीनच दिवसांनी सानगडीच्या मंडळाचा फोन आला. ह्या वर्षीच्या नायिकेला जुन्या ढंगाची साथ पाहिजे, ऑर्गन त्यांच्याकडे पडून आहे, भाता दुरुस्त करून घेतला आहे, मी वाजवीन का, असं विचारत होते. अध्यक्ष म्हणाले, "फक्त बाबायसारखं वाजवजा." मी म्हणाले, येते, पण बाबांसारखं वाजवणार नाही. ते हसले, त्यांना तो विनय वाटला.

तालमीला गेले तर तोच व्हरांडा, फक्त आता फरशी आहे. तबल्यावर काका. मला बघून नुसती मान हलवली. ऑर्गनच्या तीन पट्ट्या पिवळ्या पडल्यात, डावं पायडल थोडं कुरकुरतं. नायिका तरुण आहे, चांगली गाते, तोंडात सुपारी ठेवून गाते. पहिलं पद मी तुम्ही शिकवलं तसं तिच्या मागून नेलं. दुसऱ्या पदात तिने ओळ टाकली, थांबली, आणि मी त्या थांबण्यात गेले. ह्या वेळी चार-पाच सूर नव्हते. मी तिची ओळ घेतली, वाकवली, वर नेली, आणि ती पुढची ओळ उचलते आहे हे दिसत असूनही थोडा वेळ तिथेच राहिले. काकांनी ठेका तोडला. अध्यक्ष म्हणाले, "ताई, हे काय? गाणारी कोण हाय?" मी म्हणाले, "गाते ती. वाजवतो आम्ही. दोघंबी हावोत इथं." अध्यक्षांनी नायिकेकडे पाहिलं, ती तक्रार करेल म्हणून. तिने सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "मले चाललं. पण आधी सांगत जा, ताई. मंग मी तिथं जास्त थांबन. आता माहा श्वासच चुकला." मग अध्यक्ष काकांकडे वळले. काकांनी तबल्याच्या शाईवर बोट फिरवलं. म्हणाले, "मले पसंत नाई. पण ठेका मी सोडणार नाई." आणि सुरुवातीपासून धरला.

नाटक झालं. तुम्हाला वाटेल आता मी सांगेन की गावाने उचलून धरलं. तसं नाही. पुढच्या रांगांना आवडलं, मागून कुणीतरी ओरडलं की पेटी बंद करा, बाईले गाऊ द्या. त्या आरोळीवर मी थांबले नाही, एवढंच. दुसऱ्या दिवशी चहा पिताना काका म्हणाले, "तिसऱ्या अंकात तू लय लांबवलं. तेवढं नको होतं." मी म्हणाले, हो, तिथे लांबलं. "बाकी हात त्याचाच हाय तुझा," ते म्हणाले आणि बिस्कीट चहात बुडवलं. मला ते कौतुक नको होतं. हात माझा आहे. तुम्ही तो हलका करून दिलात, त्यासाठी मी जन्मभर तुमची आहे, पण तो कुठे न्यायचा हे मी ठरवते. मंडळाने पुढच्या वर्षाचं अजून काही सांगितलेलं नाही. सिंथेसायझरवाला बोलावतील कदाचित. बोलावू देत. कोंढ्याच्या पोरीने नागपूरहून जुनी बँडची घंटी मिळवली आहे, दोन पट्ट्या बदलायच्या आहेत. झालं की रविवारी दुकानातच बसणार आहोत, ती तिच्या घंटीवर, मी घरच्या साध्या हातपेटीवर. काकांनाही सांगितलं आहे. ते म्हणाले, येतो, पण वाजवणार नाही. तबला मात्र घेऊन येतो म्हणाले.

हे पत्र मी कुठे टाकणार, बाबा. कुठेच नाही. तुम्ही खोडून काढणार नाही याचं मला थोडं वाईटही वाटतं, पण त्यापायी मी एक शब्द मागे घेणार नाही. एवढंच सांगते की त्या अल्बममधली तिसरी रचना, तीच संथ, मी घरी एकटी असते तेव्हा वगळून पुढची लावते. तिथे व्हायब्राफोन जरा जास्तच बोलतो. गटात मी तिच्यासाठी सगळ्यात जोरात भांडले होते, आणि पुढच्या रविवारीही भांडेन. हे तुमच्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही.