सीटशेजारची लाल पट्टी

प्रिय रुजेरो,

‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीनं. आज या घरात तुझ्याबद्दल प्रेमानं बोलणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती आत्ता शाळेत गेलीय.

तू म्युनिकला पोचलास, आपली ती इवलीशी विजेची गाडी तिथल्या प्रदर्शनात उभी केलीस, आणि क्वालियासाहेबांकडून निरोप धाडलास की रस्त्यावरच्या चाचणीच्या मंजुरीवर मी सही करावी. बायकोला मालकाकरवी निरोप! ऐक, सुरक्षेची जबाबदारी माझी आहे आणि मी सही करणार नाही. परवा तुझी आई घरी केलेल्या आन्योलोत्तीचा डबा घेऊन आली होती. म्हणाली, ‘‘अगं, कामापुढे त्याला भान राहत नाही, लहानपणापासून तसाच आहे. सोडून दे.’’ मी म्हटलं, ‘‘आई, तुमच्या हातचं काहीही खाईन, पण हे माझ्या घशाखाली उतरत नाही.’’

ही गाडी आपण दोघांनी मिळून आखली. तू मातीचं पूर्ण मापाचं मॉडेल खरवडत बसायचास आणि मी मागे उभी राहून कुरकुर करायचे. दोन माणसं आणि एक मूल मावेल एवढीच जागा, बॅटरी पायाखाली, भोवती पोलादी कडं. दारांना मुठी नकोत, गाडी गारगोटीसारखी गुळगुळीत दिसली पाहिजे, हा तुझा हट्ट. बटण दाबलं की दार उघडणार. मी म्हटलं, ठीक. पण धडक बसताच बॅटरी आपोआप बंद पडणार, ही माझी सोय होती. मग वीजच नसेल तर ते बटण काय कामाचं? म्हणून सीटशेजारी लाल पट्टी. ओढली की आतली तार ताणली जाते आणि कडी सुटते, वीज असो वा नसो. तू नाक मुरडलंस. ‘‘लोरे, एवढ्या सुंदर दाराला जखम झाल्यासारखी दिसते गं ती.’’ नाकापेक्षा मोती जड! पण पट्टी राहिली, आणि मला वाटलं मी जिंकले. आपल्या पोरीला, नोएमीला, मी गाडीच्या लाकडी सांगाड्यात बसवून शिकवलंसुद्धा, की अडकलीस तर रडायचं नाही, लाल पट्टी ओढायची.

तोरिनोचं प्रदर्शन उघडायच्या आदल्या दुपारी, घरच्यांना गाडी दाखवताना, नोएमी आत शिरली आणि दार मिटलं. आगीच्या नियमाप्रमाणे आपल्या मेकॅनिकनं, बार्तोलोनं, सकाळीच बॅटरीची जोडणी काढली होती. हा नियम तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे, प्रत्येक प्रदर्शनात विजेच्या गाड्या अशाच मेलेल्या उभ्या असतात. म्हणजे धडक बसल्यावर जी अवस्था, तीच. वर छताऐवजी तुझा तो पारदर्शक घुमट, त्यावर मंचाचे रणरणते दिवे. पोरीनं बटण दाबून पाहिलं, मग शहाण्यासारखी पट्टी ओढली. पट्टी तिच्या हातात आली. मागे तार नव्हतीच. तू ती गोंदानं चिकटवली होतीस! नंतर मला काय सांगितलंस? ‘‘प्रदर्शनाच्या गाडीत निम्म्या गोष्टी खोट्याच असतात, लोरे. सगळेच करतात.’’ हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात, हे मला कळतं रे. दिवे खोटे ठेव, आरसे खोटे ठेव. ही एक गोष्ट खरी ठेवायची होती.

बॅटरी परत जोडावी, तर तिचं झाकण चकचकीत पत्र्याखाली बुजवलेलं. बार्तोलोनं दाराच्या फटीत पहार घातली, आणि तू ओरडलास, ‘‘अरे सांभाळून, रंग जाईल!’’ आत तुझी मुलगी घामानं चिंब होऊन घुमटावर हात आपटत होती, आणि तू बार्तोलोचं मनगट धरलंस. क्षणभरच धरलंस, मान्य. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही. बार्तोलोनं तुला ढकललं, दार उखडलं, मी तिला उचलून पाणी पाजायला नेलं. आणि तू? दार सरळ करायला बसलास. प्रदर्शन संपेपर्यंत घरी फिरकला नाहीस आणि तिथूनच ट्रकबरोबर निघून गेलास.

तुला शिव्या द्यायला पत्राची गरज नव्हती, फोनवरही दिल्या असत्या. लिहितेय ते नोएमीसाठी. काल जेवताना नोएमीनं विचारलं, ‘‘मम्मा, पापाचा राग अजून गेला नाही का?’’ मी विचारलं, कसला राग? खाली मान घालून म्हणाली, ‘‘मी त्याची गाडी मोडली ना. पट्टी जरा हळू ओढायला हवी होती.’’ म्हणून तू घरी येत नाहीस, असं तिनं ठरवून टाकलंय. तिच्या बाई सांगत होत्या, हल्ली ती वर्गाचं दारसुद्धा स्वतः उघडत नाही, कुणीतरी येईपर्यंत बाहेर उभी राहते. मी परोपरीनं समजावलं, पण मम्मा आपली समजूत घालतेय असंच तिला वाटतं. गाडी सोड आणि ये. तिच्यासमोर गुडघ्यांवर बस आणि सांग, ‘‘तू काही मोडलं नाहीस, बाळ. ती पट्टी मीच नुसती चिकटवली होती.’’ हे तिला फक्त तुझ्याच तोंडून पटेल.

तुझीच, पण आता किती दिवस ते तू ठरव,
लोरेदाना