अंगठ्याचा रंग

४ मार्च, मंगळवार
माझा अंगठा निळा आहे! म्हणजे पडद्यावर. पायांच्या दवाखान्यात नवा कॅमेरा आलाय. सुई नाही, इंजेक्शन नाही, पायाला हातसुद्धा लावत नाहीत. वरून लाल उजेड सोडतात आणि कातडीखाली रक्त कसं वाहतंय ते रंगांत दिसतं. भरपूर वाहतं तिथे लाल-पिवळं, कमी तिथे निळं. माझी टाच पिवळी, तळवा हिरवा, आणि अंगठा गर्द निळा. तोच तो, दोन महिने जखम न भरणारा!

डॉक्टर म्हणाले, "रक्तच पोचत नाही तर भरेल कशी? फुगा घालून पायाची नस उघडू. नाही जमलं, तर अंगठा काढावा लागेल."

घाबरायला हवं होतं. पण चौदा वर्षं मधुमेह नुसता ऐकत आले, आज डोळ्यांनी पाहिला! लेकीला तीनदा सांगितलं. म्हणाली, "आई, दवाखान्यात गेली होतीस की सहलीला?"

६ मार्च
नस परवा उघडणार. त्याआधी आज परत फोटो. फोटोआधी वीस मिनिटं मोजे काढून, पाय स्टुलावर पसरून गप्प बसायचं. शेजारच्या स्टुलावर दुसरे दोन पाय. उजव्या टाचेला पट्टी. पायांचे मालक शिंपी.

"पायाला काही कळतच नाही हो," म्हणाले. "सुई टाचेत घुसली, चार दिवस पत्ता नाही. मोजा लाल झाला तेव्हा समजलं."

"मग मशीन चालवता कसं?"

"आधी वाकून बघतो, पाय जागेवर आहे का. मग चालवतो."

मी इतकी हसले! मग मला आत घेतलं, तर कापडी पडद्यापलीकडून त्यांचा हळूच आवाज — "बाई, अंगठ्याला विचारा, पोज कुठली देणार." पाय हलला, फोटो फिसकटला. कॅमेरावाली वैतागली. "पुन्हा! हसायचं नाही!" तीस वर्षं शाळेत शिट्टी वाजवून पोरांना गप्प केलं, आणि आज मीच ओरडा खाल्ला.

८ मार्च
नस उघडली. पाय गरम लागतोय. खरंच की मनाचे खेळ?

११ मार्च, मंगळवार
केशरी!! अंगठा केशरी!! कॅमेरावालीने टाळी वाजवली. डॉक्टर हसले — पहिल्यांदाच. अंगठा राहणार! बाहेर येऊन पहिल्यांदा शिंप्यांना सांगितलं. लेकीला नंतर. (हे तिला कळता कामा नये.)

त्यांना हाक काय मारू? दादा म्हणवत नाही. का म्हणवत नाही, ते इथे लिहिणार नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी बाई, ते मास्तर — शाळाच झाली!

१८ मार्च
"आज तुझी तारीख नाहीये, आई."
"त्यांना सोबत लागते."
"त्यांना? कुणाला?"
बस आली. वाचले.

मास्तरांची टाच निळी. घोट्यापर्यंत निळंच. त्यांचीही नस उघडायला घेतली होती, जमलं नाही. ते चुटके सांगत होते. मी हसत होते आणि पडद्याकडे बघवत नव्हतं.

२१ मार्च
जखम चिघळली. पाय काढावा लागणार. मोठे सर्जन म्हणाले, गुडघ्याच्या वरून, म्हणजे धोका नको. मास्तर म्हणाले, "साहेब, कापण्याआधी माप नीट घ्या. कापड एकदा गेलं की गेलं."

कॅमेरावालीने पोटरीपासून गुडघ्यापर्यंत सगळा पाय पुन्हा तपासला. मी बाहेर येरझाऱ्या घालत होते. वीस मिनिटं आज संपता संपेनात. ती धावतच आली — "पोटरी पिवळी आहे! गुडघ्याखाली रक्त मस्त आहे!" सर्जननी फोटो जवळ घेऊन पाहिला, परत पाहिला. म्हणाले, "ठीक आहे. गुडघ्याखालून."

गुडघा राहिला तर नकली पाय लावून माणूस चालतो म्हणे. चांगला चालतो. त्या पोरीला मिठी मारली. एक पाय जाणार, आणि आम्ही तिघं येड्यासारखे हसतोय!

मास्तर म्हणाले, "बाई, नवा पाय आला की चालायला शिकवाल?"
म्हटलं, "शिकवीन. पण कवायत कडक असते."

२४ मार्च
सकाळी पाय गेला. गुडघा राहिला. मास्तर शुद्धीवर आले तसं मीच विचारलं — "लग्न कराल माझ्याशी?" म्हणाले, "गुंगी उतरू द्या, मग परत विचारा." दुपारी परत विचारलं. हो म्हणाले.