खडी केंद्रावरचा अंगठा

बार्शी,
१२ नोव्हेंबर १९७८

प्रिय बसम्माअक्का,

पाच वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम जाड पाकीट, म्हणून दचकू नकोस. मी बरी आहे. इथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दिवाळीला सांगोल्याला गेले होते. तिथं आप्पांच्या तोंडून जे ऐकलं, त्यानंतर तुला लिहिल्याशिवाय राहवेना.

इथं शिष्यवृत्तीची नोटीस लागली की मला सोलापूरच्या कॉलेजातलं तुझं ग्रंथालयातलं टेबल आठवतं. वर्तमानपत्रांतल्या ट्रस्टांच्या जाहिराती कापून तू जुन्या वहीत डकवायचीस, पदरचं कार्ड टाकून फॉर्म मागवायचीस. ते काही तुझं काम नव्हतं. तू पुस्तकं देणारी-घेणारी. तरी शेवटच्या वर्षाची पोरं गिरणीचा भोंगा झाला की तुझ्याभोवती जमायची. साखर पेठेतल्या विणकराच्या मुलीला तू एम.कॉम.ला धाडलंस, वळसंगच्या गुरप्पाला धारवाडला. माझा अर्ज तर तीनदा फाडलास. “गरिबी कशाला लिहितीस गं? ती दाखल्यात दिसंल त्यांना. तू मार्क लिही, आन् पुढं काय शिकायचंय ते लिही.” आज मी माझ्या विद्यार्थिनींना हेच सांगते, तुझं नाव न घेता.

त्र्याहत्तरचा जून. दुष्काळ सरला नव्हता. मला कोल्हापूरला एम.एस्सी.ची जागा मिळाली होती. पण मुंबईच्या ट्रस्टला उत्पन्नाच्या कागदावर वडिलांचाच अंगठा हवा होता, चुलत्याचा चालेना. आणि आप्पा मेंढरं घेऊन करमाळ्याच्या अंगाला, भीमेकाठी गेलेले. मुदतीला सहा दिवस होते. तू कागद माझ्या हातून घेतलास आणि दुसऱ्या दिवसापासून ग्रंथालयाला कुलूप. तीन दिवस! चौथ्या दिवशी आलीस ती काळवंडून, ओठ फुटलेले. “गेला तुझा अर्ज,” एवढंच म्हणालीस. कसा गेला, हे मी विचारलंसुद्धा नाही. पैसे मंजूर झाले तेव्हा मला वाटलं, अंगठ्यावाचून चालवून घ्या म्हणून प्राचार्यांनी शब्द टाकला. त्यांना नारळ दिला, त्यांच्या पाया पडले. तुझ्यासमोरून मात्र तशीच निघून गेले.

पाडव्याच्या दिवशी जेवता जेवता आप्पा म्हणाले, “ती बाई हाय का गं अजून तुज्या सोलापूरच्या कालिजात? उन्हाची खडीवर आली व्हती की, कागूद घिऊन.”

मला काही उमजेना. मग त्यांनी सांगितलं. मेंढरं कुठली! निम्मी चाऱ्यावाचून मेली, उरलेली चैत्रातच बाजारात विकली. आप्पा करमाळ्याजवळ दुष्काळी कामावर खडी फोडत होते आणि घरी निरोप धाडत होते, मेंढरामागं आहे म्हणून. तू आधी सांगोल्याला आईकडं गेलीस, मग करमाळ्याला, तिथून धनगरांच्या एकेका पालावर विचारत खडी केंद्रापर्यंत. आप्पांनी अंगठा दिला आणि तुझे पाय धरले. “पोरीला सांगू नगंसा, बाई. कळलं तर शिकणं सोडून पाटी उचलाया यील.” तू शब्द दिलास. “आन् बाईनं पाळला की,” म्हणताना आप्पांचा हात ताटातच थांबला.

त्यांचं खरं होतं, अक्का. मी गेले असते.

न सांगता गैरहजर राहिलीस म्हणून तुला मेमो मिळाला. टेबल गेलं, मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं शिवायला बसवलं. एक वाक्य बोलली असतीस तर सुटली असतीस. परवा चौकशी केली तर कळलं, पोरं अजून त्या खोलीत तुला शोधत येतात, आणि तू सुई बाजूला ठेवून त्यांचे फॉर्म वाचतेस. माणूस एवढा कसा गं निर्मळ राहतो?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तो मेमो एका निनावी अर्जामुळे आला होता. कुणी केला, ते तुला कधी कळलं नाही. तो मी केला. तिसऱ्या दिवशी, बंद दारासमोरून परतल्यावर, तू माझं वाटोळं केलंस असं समजून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहिला. काल प्राचार्यांना सगळं कळवलं आहे, खाली पूर्ण नाव घालून. त्याची नक्कल सोबत ठेवते. माफ कर असं लिहायला धीर होत नाही. येत्या रविवारी येते आहे. आप्पाही येतो म्हणतात. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही, तुझ्यासमोरच सांगेन. मला दारात उभी ठेवलीस तरी चालेल, त्यांना मात्र आत घे.

तुझीच,
ताना