जोतीरामाची झोप आणि माझी गादी

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

मंगळवार पेठ, कोल्हापूर
बुधवार, ता. १२ एप्रिल १९७८

तीर्थरूप पिराजी दाजी यांच्या पायांशी धोंडीरामचा वाकून नमस्कार. आक्कालाही नमस्कार सांगावा.

इकडे मी सोडून सगळे खुशाल आहेत. तुमच्या गुडघ्याला उतार पडला का ते कळवावं. आक्काचा खोकला कसा आहे? वाडीला नदीचं पाणी आता खाली गेलं असेल, तरी तिला पहाटे एकटीला घाटाच्या पायऱ्या उतरू देऊ नका. (मागच्या साली ती घसरली ते तुम्ही मला पंधरा दिवसांनी कळवलंत. ते मी विसरून गेलो आहे.) माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यातही चौथी दोनदा, त्यामुळे पत्र लांबलं तर सांभाळून घ्यावं. थोडक्यात लिहायला शिक्षण जास्त लागतं.

तुमच्या मागच्या पत्रात शेवटी तुम्ही विचारलं आहे की, झोपपाणी नीट आहे ना. तुम्ही ते रीत म्हणून लिहिलं असणार, पण मी ते वाक्य चार वेळा वाचलं. दाजी, गेल्या दिवाळीपासून हे मला कोणीही विचारलेलं नाही. गल्लीत सगळे फक्त जोतीरामाच्या झोपेची चौकशी करतात.

जोतीराम म्हणजे आमच्या समोरच्या घरातला, तुम्ही त्याला बघितलं आहे. आम्ही दोघं गुळाच्या बाजारात तीस वर्षं तोलाईदार होतो. एकाच काट्याच्या दोन बाजूंना उभे राहिलो, एकाच दसऱ्याला दोघांनी काम सोडलं. माझा काटा त्याच्यापेक्षा कधी हलका नव्हता, हे बाजारात कोणीही सांगेल. तेव्हाही हा गडी दुपारी बारदानावर आडवा पडायचा आणि पडला की संपला. लोक त्याला झोपाळू म्हणायचे, त्याच्या अंगावर गुळाच्या माश्या बसायच्या, आणि आम्ही हसायचो. मग दिवाळीला त्याचा पोरगा केरबा (शिरोलीच्या कारखान्यात ओतकामाला आहे) बोनसमधून त्याच्यासाठी फोमची गादी घेऊन आला. त्या दिवसापासून त्याला कोणी झोपाळू म्हणत नाही. जोतीरामअण्णांना झोप चांगली लागते, असं म्हणतात.

आणि तेवढ्यावर थांबलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. एक ते तीन या वेळात सगळी गल्ली आवाज खाली घेते. यल्लव्वा भाजीवाली, जिची हाळी महाद्वारापर्यंत ऐकू जाते, ती त्याच्या दारावरून मुकाट्यानं जाते आणि माझ्या दारात आली की "मेथी घ्या मेथी" म्हणून कानठळ्या बसवते. मी तिला एकदा विचारलं, बाई, इथंही माणसं राहतात की. ती म्हणाली, "तुमी जागंच असतायसा की मामा."

घरात तर विचारू नका. चैत्रात चटणीचा हंगाम, आणि आमच्या मंडळींना मिरची कुटायला दुपारी एकचाच मुहूर्त सापडतो. मी आडवा पडलो की उखळ सुरू. मी म्हणालो, समोर बघ, तिथं भांडंसुद्धा वाजत नाही. तर म्हणाल्या, "त्ये झोपत्यात. तुमी नुस्तं पडून घड्याळ बघतायसा. घड्याळ बघणाऱ्यासाठी चटणी थांबवू व्हय?" दाजी, खरं सांगतो, मला झोपेचं एवढं काही नाही. वयाप्रमाणे ती कमी होणारच. पण या घरात एकदा तरी कोणी माझ्यासाठी मुसळ खाली ठेवावं, एवढं मनात आहे. त्यासाठी आधी झोप लागायला पाहिजे, म्हणून मी खटपटीला लागलो.

सुरुवात उशीपासून केली. ताराबाई रोडवर एकजण रबरी उशा विकत होता, हवा भरायच्या. भाता नसतो, तोंडानं फुगवायची. ती फुगेपर्यंत मला घेरी आली आणि मी पाच मिनिटं भिंतीला टेकून बसलो (ती पाच मिनिटं झोपेत धरावीत का, याचा मी विचार केला, पण डोळे उघडे होते). मग डोकं ठेवलं तर ते डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, होडीत बसल्यासारखं. वळलो की उशी कुईं करायची. अर्ध्या तासात हवा गेली आणि डोकं हळूहळू जमिनीला लागलं. सध्या मंडळी ती अर्धी फुगवून चुलीपुढं बसायला घेतात आणि फार आराम वाटतो म्हणतात. माझ्या कोणत्याही वस्तूचा दुसऱ्यालाच आराम पडतो.

मग कानात कापूस घालून बघितला. उखळाचा आवाज खरंच गेला. पण त्याबरोबर जोतीरामाचं घोरणंही ऐकू येईना, आणि त्याला लागली की नाही हे कळल्याशिवाय मला डोळे मिटवेनात. दर पाच मिनिटांनी मी कापूस काढून ऐकायचो. लागलेलीच असायची.

शेवटी गादीच घ्यायची ठरवली. मंडळींना न सांगता लक्ष्मीपुरीत एका दुकानात गेलो. दुकानदारानं एकेक गादी बोटानं दाबून दाखवली. मी एक उचलून बघितली तर कापसाच्या बोंडासारखी हलकी. दाजी, ज्यानं तीस वर्षं गुळाचे मणामणाचे रवे तोलले त्याला हलका माल देऊन कोणी फसवू शकत नाही. मी म्हणालो, काटा आणा. तो म्हणाला, "पावणं, गादी काय गूळ हाय व्हय, वजनावर घ्यायला?" मी म्हणालो, वजन नाही त्यात माल नाही. शेजारच्या भंगारवाल्याचा काटा आणून सगळ्या गाद्या तोलायला लावल्या. सगळ्यात जड निघाली ती काथ्याची, रबरात दाबलेली. दुकानदार म्हणाला, "ही पाठ मोडलेल्या लोकांसाठी हाय, डॉक्टर सांगत्यात त्यांनाच देतो." मी म्हटलं, जोतीरामाची केवढी असेल याच्यापुढं, आणि तीच बांधायला सांगितली.

आता गादी घेतली ती गल्लीला दिसायला नको का? हातगाडीवाल्याला मी बजावलं की गाडी जोतीरामाच्या दारासमोर उभी करायची, दोरी तिथंच सोडायची आणि घाई करायची नाही. पण माझ्या हिशेबात एक चूक झाली. आम्ही पोचलो तेव्हा दीड वाजला होता. गाडीचं चाक खडखडलं तशी यल्लव्वा तोंडावर बोट ठेवून धावत आली. "हळू की, अण्णा झोपल्यात." दोन घरची दारं उघडली ती गादी बघायला नव्हे, आम्हाला गप करायला. हातगाडीवाल्यानं चपला काढल्या. माझी साडेसहा फुटांची नवी गादी चोरीच्या मालासारखी दबक्या पावलांनी घरात गेली, आणि तिचा एक कोपराही जोतीरामानं बघितला नाही, कारण तो त्याच्या गादीवर होता.

गादीवरचं प्लास्टिक मी काढलेलं नाही. एवढी नवी वस्तू, काढलं की दुसऱ्या दिवशी जुनी दिसते, आणि जोतीरामानंही काढलेलं नाही (मी चौकशी करून आलो). पण कोल्हापूरचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दुपारी मी बनियनवर पडलो आणि उठताना पाठ मागं राहिली. कूस बदलली की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. घाम आला की माणूस पायाकडं घसरतो. आणि गादी म्हणजे शहाबादी फरशी. दोन दुपारी काढल्या, तिसऱ्या दुपारी मंडळी उखळ थांबवून बघायला आल्या. मला वाटलं, आता आवाज खाली घेणार. त्या म्हणाल्या, "एवढं काय मोडतंय आत?" आणि परत कुटायला गेल्या.

काल मी लाज सोडून जोतीरामाच्या घरी गेलो. ऐन दुपारी. तो गादीवर बसून पान लावत होता. मी सरळ विचारलं, गड्या, तू नेमकं काय करतोस? तो म्हणाला, "कशाचं?" मी म्हणालो, झोपायचं. त्यानं खरोखर विचार केला. माझी चेष्टा केली असती तर बरं झालं असतं. म्हणाला, "करायचं काय असतंय त्यात? पडायचं. मग..." आणि मग काय ते मला कळलंच नाही, कारण पान हातात तसंच आणि हा झोपला. मी ते पान त्याच्या हातातून काढून तबकात ठेवलं आणि पाय न वाजवता बाहेर आलो. दाजी, वाईट माणूस असता तर मला सोपं गेलं असतं.

असो. तब्येतीला जपावं. गुडघ्याला तेल गरम करून लावावं. आक्काला सांगा, तिच्या भावाची काळजी करू नये. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना दंडवत.

तुमचा नम्र,
धोंडीराम

ता. क. एक काम होतं. उत्तर पाठवाल ते कार्डावर पाठवा, पाकिटात नको. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना चष्मा नाही, म्हणून पोस्टमन कार्ड आलं की ते जोतीरामाच्या कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचतो. त्यात असं लिहावं की, धोंडीराम मागच्या अमावास्येला वाडीला आला होता तेव्हा प्रसाद घेऊन तो आमच्याकडे दीड तास गाढ झोपला, आणि आम्ही सगळ्यांनी तेवढा वेळ कुजबुजत काढला. (त्या दिवशी मी तुमच्या माळ्याच्या लाकडी कड्या मोजत पडलो होतो, हे आपल्या दोघांतच राहू द्या.) तुमच्या शब्दाला इकडे मान आहे. मंडळीही ऐकतील.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात जोतीराम आला. म्हणाला, "गड्या, गादी घेतलीस आणि सांगितलं न्हाईस?" मग बसला, हातानं दाबली, "कडक हाय, पण बरी हाय," म्हणाला, जरा पाठ टेकतो म्हणाला, आणि झोपला. माझ्या गादीवर, प्लास्टिकवर. त्याच्याखाली ते वाजतसुद्धा नाही. मंडळींनी मुसळ उचललं होतं ते भिंतीला टेकवून ठेवलं आणि मला म्हणाल्या, "जरा भाईर बसून लिवा. कागद वाजतोय." हे मी उंबऱ्यावर बसून लिहीत आहे. आताच यल्लव्वा आली. तिनं तोंड उघडायच्या आत माझं बोट माझ्याच ओठांवर गेलं. मी ठरवून केलं नाही.

ता. क. तिसरा. कार्डावर दीड तास लिहू नका, दोन लिहा. जोतीरामाला पावणेदोन तास होत आले.

ता. क. चौथा. अजून उठलेला नाही. तीन लिहा.