गुरुवारात दोष सापडेना

नगर, दिल्ली दरवाजा
माघ शुद्ध षष्ठी, शके १८७०

ती. स्व. दाजींचे सेवेशी विष्णूचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत. तुमचा गुडघा आता कसा आहे? ताईचा खोकला गेला असेलच. न गेल्यास ज्येष्ठमध चघळावे, पण हे माझे नाव न घेता सांगावे, कारण धाकट्या भावाचे औषध तिला लागू पडत नाही. कोल्हारचा गूळ पोचला. ढेप आमच्या सौ.ने कुलपात ठेवली आहे, कारण तुमच्या चिरंजीवांची भूक अलीकडे फार वाढली आहे. ती का वाढली हेच आज सविस्तर लिहिणार आहे. गुरुवारी केडगावला मुलगी पाहायला जाण्याचे माझ्या ध्यानात आहे, तेव्हा त्या बाबतीत निश्चिंत असावे. (निदान पत्र संपेपर्यंत तरी असावे.)

सुमंतला कॉलेजसाठी आमच्याकडे ठेवताना तुम्ही बजावले होते की, मुलाचे लक्ष अभ्यासाशिवाय कुठे जाऊ देऊ नये. त्या आज्ञेस अनुसरूनच मी दिवाळीनंतर एके दिवशी छत्री घेऊन फुटबॉलच्या मैदानावर गेलो. (छत्री पावसासाठी नव्हती.) दुपार कलली होती, धुरळा उडत होता, आणि तुमचा एकुलता एक मुलगा अर्धी चड्डी घालून चारचौघांत एका चामड्याच्या गोळ्यामागे धावत होता. माझे डोकेच फिरले. ज्या घराण्यात तीन पिढ्या पंचांग आणि पंतोजीपण याखेरीज काही झाले नाही, त्याचा अंकुर तो असा! मी सगळा जीव एकवटून ओरडलो, "सुमंत, थांब!"

आता मुलाचे संस्कार पाहा. तो डावीकडे धावत होता तो माझा आवाज ऐकताच जागच्या जागी खिळला. नेमक्या त्याच क्षणी समोरच्या गड्याने गोलावर मारलेला चेंडू येऊन त्याच्या छातीवर आदळला आणि परत गेला. तो डावीकडे गेला असता तर गोल झाला असता, असे मला मागाहून सांगण्यात आले. मैदानभर एकच गिल्ला झाला. माझ्या शेजारी उभे असलेले अलीमभाई, झेंडीगेटचे शिंपी, यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "मास्तर, काय हाक मारलीत! खेळातले उस्ताद दिसता." मी कान धरायला आलो होतो हे सांगण्याची ती वेळ नव्हती. माझी टोपी पडली होती, ती चारपाच जणांनी झटकून मोठ्या मानाने माझ्या डोक्यावर ठेवली.

तेव्हापासून माझी सुटका नाही. मी हजर नसलो तर सामना सुरू होताना लोक कुरकुरतात. चेंडू आपल्या गोलाकडे येऊ लागला की सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात, आणि मला "सुमंत, थांब!" असे ओरडावे लागते. (तो थांबतो की नाही याला आता महत्त्व नाही, माझ्या ओरडण्याला आहे.) दाजी, तुमच्यापाशी खोटे कशाला बोलू, मला त्यात गोडी लागली आहे. घसा बसला म्हणून परवा वर्गात रघुवंश शिकवता आला नाही, आणि मुलांनी तक्रार केली नाही.

आपल्या संघात गोल मारणारे बेताचेच आहेत. खरी ताकद बॅकची. उजवीकडे आपला उंच सुमंत आणि डावीकडे मोहियोद्दीन नावाचा झेंडीगेटचा मुलगा. (रविवारी आमच्या ओसरीवर गणिते करायला येतो. गणितात कच्चा आहे, पण सौ.ला विहिरीचे पाणी ओढून देतो, त्यामुळे चामड्याचा चेंडू तुळशीवर पडला तरी तिने अवाक्षर काढले नाही.) एक राहतो दिल्ली दरवाजाला आणि एक झेंडीगेटला, म्हणून गावात म्हणतात की नगरच्या दोन्ही वेशी बंद आहेत, आता कोण येतो ते पाहू. परवा मनमाडची मंडळी आली. चांगली धिप्पाड होती. तासभर त्या दोघांवर धडका मारून हात हलवत गेली. आपण एका गोलाने जिंकलो. तो कोणी मारला हे आता आठवत नाही, पण गडी आपलाच होता.

सामन्यानंतर आम्ही नेहमीप्रमाणे वेशीजवळच्या हॉटेलात बसलो. (मी फक्त बसतो. चहा घेतो तो कपातून, बशीतून नाही.) छगन गवळी म्हणाला, "गोल काय कुनीबी मारतंय. पन आत येऊ दिला न्हाई ना, ते लई मोठं काम हाय." अलीमभाईंचे म्हणणे पडले की, मोहियोद्दीन पुढे जाऊन अडवतो म्हणून सुमंतचे काम सोपे होते. त्यावर मी म्हणालो की, सुमंत मागे आहे म्हणून मोहियोद्दीनला पुढे जाण्याची छाती होते. हा वाद चार कप चहा होईतो चालला. शेवटी आमच्या बाकावरचे मफलरवाले गृहस्थ (हे दर सामन्याला माझ्या उजव्या हाताला बसतात आणि मला फुटाणे देतात. नावगाव अजून विचारलेले नाही, कारण मैदानावर ते कोणी विचारत नाही.) हळूच म्हणाले, "त्या उंच पोराला आईबापांनी काय खाऊ घातलं असेल हो!" दाजी, त्या वेळी तुम्ही तिथे हवे होतात. माझे डोळे पाणावले आणि मी ते चहाच्या वाफेवर ढकलले.

तेवढ्यात बातमी आली की पुण्याच्या कॉलेजाशी अखेरचा सामना येत्या गुरुवारी, दुपारी चारला. मफलरवाल्यांचा चेहरा पडला. माझा तर पडलाच, कारण गुरुवार चार वाजता हा मुहूर्त तुम्हांला मीच काढून दिला होता. तेव्हा आपला संघ अखेरपर्यंत टिकेल असे त्या संघालाही वाटत नव्हते.

सुमंतला मी घरी आल्यावर विचारले. तो एवढेच म्हणाला, "बाबांनी ठरवलंय ना मामा, मग मी येईन." मग त्याने बुटांचा चिखल खरवडला, त्यांना खोबरेल तेल लावले आणि कागदात गुंडाळून ते माळ्यावर ठेवले. रडला असता तर मी रागावलो असतो. न बोलता ठेवले, त्याचे मला फार वाईट वाटले.

तरी तुम्ही ठरल्याप्रमाणे यावे. मुलगी चांगली आहे असे ऐकतो, नाव नीलांबरी, मॅट्रिक झालेली आहे. पुण्याचे लोक किती गोल घालतील तो त्यांचा प्रश्न. ताईस नमस्कार, घरातील लहानांस आशीर्वाद, आणि गुडघ्यास तेल.

आपला आज्ञाधारक,
विष्णू

ता. क. : पंचांग तीनदा पाहिले. गुरुवारात दोष सापडेना. इतका निर्मळ दिवस वर्षात दुसरा नाही, आणि नसलेला दोष दाखवणे मला जमणार नाही. मात्र सुप्याला तुमचे चुलतबंधू श्रीमंत यांच्या घरी पाळणा हलायचा आहे, असे ताई म्हणत होती. बुधवारपर्यंत हलला तर तुम्हां सर्वांना दहा दिवस सोयर, आणि सोयरात मुलगी पाहायला जाता येत नाही. तरी सुप्याला माणूस पाठवून चौकशी करावी. बाळंतिणीस घाई करावी असे मी म्हणत नाही. पण तुम्ही वडीलधारे आहात.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच मफलरवाले दारात उभे. म्हणाले, "मास्तर, तुम्ही पंचांग पाहता असं कळलं. येत्या गुरुवारात एखादा दोष काढून द्या. कोल्हारची मंडळी मुलगी पाहायला येणार आहेत, आणि त्याच वेळी सामना!" दाजी, हेच केडगावचे शामकांतराव, नीलांबरीचे वडील! पुढे म्हणाले, "मनातलं सांगू? तो आपला उंच बॅक आहे ना, तसा जावई मिळाला असता तर डोळे मिटून मुलगी दिली असती. पण मुलाच्या वडिलांनी नाव न कळवता नुसतं लिहिलंय की, चिरंजीव पुस्तकातून डोकं वर काढीत नाहीत. असल्या मुलाशी मी बोलू तरी काय?" एवढ्यात सुमंत माजघरातून चहा घेऊन आला. तो कोण, कोणाचा, हे मी सांगितले. शामकांतराव उठून उभे राहिले, आणि घरात कोणी वडील माणूस आल्यासारखा त्यांनी मफलर काढला.

तेव्हा श्रीमंतच्या घरी सावकाश होऊ द्यावे. तुम्ही आणि ताईने गुरुवारी यावे, मात्र केडगावला न जाता थेट मैदानावर. नीलांबरीला घेऊन तेही तिथेच येत आहेत, आमच्या बाकावर जागा धरून ठेवतील. चेंडू आपल्या गोलाकडे आला की या खेपेस "सुमंत, थांब!" हे तुम्ही ओरडावे. मी त्यासाठी घसा राखून ठेवणार नाही. मुलगा तुमचा आहे, आणि बूट त्याने आत्ताच माळ्यावरून काढले आहेत.