चार नंबरचं दूध

मंगळ., ४ मार्च
मुग्धाशी भांडलो. लॅबमध्ये डबा खाताना म्हणाली, टी.वाय. पूर्ण कर रे, किती दिवस बाटल्या धुणार? ती एम.एस्सी., मशीनवर बसते. मी कॉलेज सोडलेला; दुधात ॲसिड घालायचं, फिरवायचं, वरचं पाणी तिला नेऊन द्यायचं. डोकं फिरलं. तू माझी कोण, म्हटलं. कोण आहे ते दोन वर्षं सांगायचंय, आणि बोललो हे.
दुपारभर धुसफुसतच काम.

बुध., ५
चार नंबरच्या दुधात टेट्रासायक्लिन सापडलं, जनावरांना देतात ते अँटिबायोटिक. मर्यादेच्या वर. गोरेगावच्या तबेल्याचं दूध. मुग्धाने रिपोर्टवर सही केली, डेअरीने लगेच त्यांचं दूध बंद केलं.
चहा पिताना आठवलं. मशीन बरोबर पकडतं का बघायला एका स्वच्छ दुधात आपणच मोजून औषध टाकतो. काल ते मीच टाकलं. लगेच पुढे चार नंबर. मध्ये पिपेटची टिप बदलली का? नसेल, तर तेच औषध चार नंबरमध्ये गेलं.
बदलली असेल. हात सवयीने करतो. पण काल हात कुठे ठिकाणावर...

शुक्र., ७
तबेलेवाले काका आले. बाबांएवढे. एका म्हशीची कास सुजली होती, सुई दिली. पण तिची धार वेगळी काढून गटारात ओतली म्हणतात. मुग्धा म्हणाली, मशीन खोटं बोलत नाही, काका. मी खाली बघून टेबल पुसत होतो. पुसलेलंच परत.
फ्रीजरमधली चार नंबरचीच राखीव बाटली सोमवारी परत मशीनला लावणार.

रवि., ९
सकाळी देवापुढे उभा राहिलो आणि मागितलं काय, तर त्यांचं दूध खराबच निघू दे. वाट लागलीय माझी. दिवसभर स्वतःचीच किळस.

सोम., १०
सांगितलं. ती कोट घालत होती.
"मंगळवारी? आपलं वाजलं तेव्हा?"
"हो."
"आणि आज सांगतोयस. सही माझी आहे रे त्यावर."
ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने रजिस्टर पुढे सरकवलं. मी तारीख टाकून सगळं लिहिलं, खाली माझं नाव. लॅबचे सर अकराला येतील, वाचतील. चार नंबर तिने स्वतः केला. मला हात लावू दिला नाही.
आता मशीनजवळ, हे इथेच लिहितोय. तीन नमुने झाले, पुढचा चार नंबर. स्वच्छ निघालं तर काकांचं दूध सुरू, मी बाहेर, आणि तिच्या सहीचं काय ते सर ठरवणार. नाही निघालं तर...
स्टूल पायाने माझ्याकडे ढकललं तिने. माझ्याकडे न बघता.
"बस. उभा राहून आकडा बदलणार नाहीये."