प्राजूचं ग्रामजीवन

१३ जून १९८८, सोमवार. सकाळी ११.
आज सगळीकडच्या शाळा उघडल्या. आमची उघडली नाही, कारण ती बंदच होत नाही. घर हीच शाळा. प्राजू सहा वर्षांची झाली, तिला मी घरी शिकवणार. रांगा नाहीत, घोकंपट्टी नाही, छडी नाही. माहेरच्या सगळ्या गोतावळ्यात बी.ए. झालेली मी पहिली. वडील नाशिकला शाळेत शिपाई होते, त्यामुळे शाळा आतून कशी असते ते मला पक्कं माहीत आहे.

माधवने एक वर्ष दिलं आहे. (रोजनिशीत नवऱ्याला 'हे' लिहायचं नाही असं ठरवलं आहे. समानता.) मार्चअखेर शेजारच्या शैलजाताईंनी पहिलीचा पेपर घ्यायचा. प्राजू पास झाली तर पुढेही घरीच. नापास झाली तर जूनपासून शाळेत. मी म्हटलं मंजूर. माधवही लगेच 'मंजूर' म्हणाला. इतक्या लगेच का? लक्ष ठेवायला हवं.

शैलजाताई स्वतः शाळेत शिकवतात. म्हणजे शत्रुपक्षच.

वेळापत्रकाचा तक्ता चार रंगांत केला. ७ ते ८ निसर्ग, ८ ते साडेनऊ भाषा, साडेनऊ ते ११ अनुभवातून गणित. तक्त्यात दिवस गेला. उद्यापासून सुरू.

१६ जून, गुरुवार.
उद्यापासून नक्की. निसर्ग सातला ठेवला ही चूक झाली. प्राजू साडेआठला उठते आणि झोपलेल्या मुलाला उठवणं ही हिंसा आहे.

किराणावाल्याने साखर बांधता बांधता विचारलं, "बेन, छोकरीने स्कूलमां नथी मूकी?" मुलीला शाळेत घातलं नाही, हे याला कोणी सांगितलं? शैलजाताई चहा त्याच्याकडूनच घेतात. नोंद करून ठेवली.

४ जुलै, सोमवार.
अनुभवातून गणिताचा पहिला तास. मसूर डाळीचे दहा-दहा दाण्यांचे ढीग. प्राजूने सात ढीग केले. मी लोणच्याची बरणी बघून आले तोवर चिमाबाईने ढीग गोळा करून, धुऊन, कुकरला लावले होते. चिमाबाई आमच्याकडे भांडी-कपडे करते. नदीपलीकडच्या पाड्यावर राहते. हेतुपुरस्सर केलं असेल असं वाटत नाही, पण तिच्या चेहऱ्यावर पश्चात्तापही दिसला नाही.

मग म्हणाली, "बाई, पोरीला आज पाड्यावर नेऊ का? आजच्या दिवस. साहेब यायचेत, पोरं कमी पडतात." मी म्हटलं, ने. प्राजू खेड्यातलं जीवन प्रत्यक्ष बघेल. हा विषय कुठल्याच शाळेत नसतो. तक्त्यात हिरव्या खडूने 'ग्रामजीवन' लिहिलं.

१२ जुलै, मंगळवार.
ग्रामजीवन प्राजूला इतकं आवडलं की आता रोज जाते. मीही वेळ वाढवून साडेदहा ते साडेचार केली, कारण दुसऱ्या दिवसाच्या तयारीला तेवढा वेळ लागतोच. आज ढगांचे प्रकार वाचायला घेतले. तिसऱ्या प्रकाराला डोळा लागला.

एक निरीक्षण. बाथरूमला जायच्या आधी प्राजू करंगळी वर करून माझ्यासमोर उभी राहते. मी 'जा' म्हणेपर्यंत हलत नाही. पाड्यावर लांब जावं लागत असेल, म्हणून सांगून जायची पद्धत असावी. आदिवासी समाजात किती शिस्त आहे! आपण शिकायला हवं.

१५ ऑगस्ट, सोमवार. संध्याकाळी.
प्राजू आपणहून सहाला उठली आणि पांढरा फ्रॉक मागितला. चिमाबाई नवं लुगडं नेसून दारात हजर. दोघी गेल्या. येताना प्राजूच्या हातात कागदी झेंडा आणि तोंडात गोळी. मी संधी साधून स्वातंत्र्याचा खरा अर्थ सांगितला, की जे मूल शाळेत जात नाही तेच स्वतंत्र. प्राजू म्हणाली, पाय दुखतात, फार वेळ उभं राहायला लागलं.

गोळी कोणी दिली? तर म्हणे, "गुरुजींनी."

कोण गुरुजी? चिमाबाईला विचारलं. ती म्हणाली, "लई भला माणूस बाई. पोर त्यांचं फार ऐकते."

आता लक्षात आलं. हा भगत असणार. अंगारे-धुपारे करणारा. मला त्यांच्या संस्कृतीबद्दल अतिशय आदर आहे. पण गोळीत काय होतं?

माधवला सांगितलं. त्याला ठसका लागला. पाणी दिलं तरी बराच वेळ थांबेना.

२ सप्टेंबर, शुक्रवार.
भगताचा प्रभाव वाढतो आहे. प्राजू झोपेत एका लयीत पुटपुटते. कान लावला. आकडे ऐकू आले. मंत्रात आकडे असतात हे मला माहीत नव्हतं. उशीखाली कात्री ठेवली. (माझा विश्वास नाही. आईने एकदा सांगितलं होतं म्हणून.)

भाषेचा तास या आठवड्यात झाला नाही. पाहुणे होते.

२३ ऑक्टोबर, रविवार. दमणहून आल्यावर.
शैक्षणिक सहल. विषय: भरती-ओहोटी. दोन दिवस टिपणं काढली होती. पोचलो तर समुद्र जागेवर नव्हता, नुसता चिखल. 'चंद्राचं आकर्षण' या मुद्द्यापर्यंत आले आणि माझी डावी चप्पल रुतली. ती मिळाली नाही. माधव म्हणाला, चंद्राने नेली. मी हसले नाही.

पण यश मोठं! वापीच्या स्टँडवर प्राजूने आम्हा दोघांना उंचीप्रमाणे उभं केलं, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायला लावले आणि मोजलं. शिस्त मुलात आतूनच उगवते, लादावी लागत नाही, हा माझा सिद्धांत इथे सिद्ध झाला.

आणि भरती आल्यावर किनाऱ्यावर तिने कविता केली!

लाट आली, लाट गेली,
वाळूवरती नक्षी केली.

मी फक्त 'लाटांकडे बघ' एवढंच म्हटलं होतं. कविता उद्याच मुलांच्या मासिकाला पाठवते. सोबत माझ्या पद्धतीवर चार ओळी. चार ओळींची तीन पानं झाली.

२९ नोव्हेंबर, मंगळवार.
मासिकाचं कार्ड आलं. संपादक लिहितात की कविता छान आहे, पण ती पहिलीच्या पुस्तकात पान २२ वर आहे. याचा अर्थ एवढाच की प्राजूच्या आणि पुस्तक लिहिणाऱ्या कवीच्या डोक्यात एकच कल्पना आली. असं घडतं. मात्र कार्ड शैलजाताईंनी आणून दिलं. पोस्टमनने त्यांच्याकडे टाकलं म्हणे. वाचलं असणार. ओठ दाबून उभ्या होत्या.

१० डिसेंबर, शनिवार.
'इन्व्हेंटरी आहे' असं सांगून हे (आज माधव लिहिणार नाही) दुपारी स्कूटरवरून गेले. यांचा सुताचा कारखाना सायली गावात, तो पश्चिमेला की कुठे ते मला नीट माहीत नाही, पण स्कूटर नदीवरच्या पुलाकडे वळली एवढं गच्चीतून दिसलं. आले तेव्हा शर्टाच्या बाहीवर पांढरी पावडर.

वास घेतला. वास नाही. बिनवासाची पावडर कोण लावतं? शैलजाताई काटकसरी आहेत.

सरळ विचारलं. म्हणाले, "अगं, भिंतीला घासलं असेल." कारखान्यात सूत बनतं, चुना नाही.

मग कुंपणाशी दोघं बोलत उभे दिसले. मी गेल्याबरोबर गप्प. शैलजाताई घाईघाईने म्हणाल्या, "यंदा वालपापडी चांगली आलीय नाही?" वालपापडीबद्दल इतकं हळू आवाजात कोणी बोलत नाही.

११ डिसेंबर, रविवार.
रात्रभर विचार केला. शैलजाताई बावन्न वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात. प्रकरण त्या प्रकारचं नाही. हा कट प्राजूला शाळेत घालण्याचा आहे. माझी पद्धत यशस्वी होते आहे हे त्यांना बघवत नाही. माधव पुन्हा माधव लिहायला हरकत नाही, पण विश्वास ठेवायचा नाही.

१८ जानेवारी १९८९, बुधवार. संध्याकाळी ६.
भगताला रंगेहाथ पकडायचं म्हणून पाड्यावर गेले. कोणाला न सांगता. डोक्यावरून पदर.

वाटेत एक म्हातारबा भेटले. "गुरुजी कुठे असतात?" म्हटलं. त्यांनी कौलारू खोलीकडे हात केला. जवळ गेले तर ती शाळा निघाली! एका खोलीची. आतून चाळीसेक मुलं बेंबीच्या देठापासून पाढे ओरडत होती. सात एके सात, सात दुणे चौदा. बिचारी मुलं! घोकंपट्टीने सगळ्यांचे आवाज एकसारखे होतात. एक आवाज तर मला अगदी प्राजूसारखा वाटला. कानावर हात ठेवून पुढे गेले.

चिमाबाईच्या घराला कडी. भगताचा पत्ता नाही. मुलांना रानात नेत असणार.

प्राजू आल्यावर विचारलं, दोन वाजता कुठे होतीस? "गुरुजींकडे." संशय पक्का झाला.

६ फेब्रुवारी, सोमवार.
परीक्षेला सात आठवडे. घरशाळेचा जोर वाढवायचा. रोज चार तास.

१३ फेब्रुवारी, सोमवार.
रोज दोन तास.

२० फेब्रुवारी, सोमवार.
तासांपेक्षा गुणवत्ता महत्त्वाची. काल झोपताना एक गोष्ट सांगितली. अर्ध्यात मलाच झोप लागली. पुढची प्राजूने सांगितली म्हणे.

२६ मार्च, रविवार.
पास! पन्नासपैकी सेहेचाळीस!

वाचन, लेखन, बेरीज, वजाबाकी. सातचा पाढासुद्धा, जो मी तत्त्व म्हणून शिकवलेलाच नाही. म्हणजे तिने तो शोधून काढला. चार मार्क गेले ते अक्षराचे, आणि ते शैलजाताईंनी मत्सराने कापले. पेपर तपासताना त्यांनी दोनदा पदर तोंडाला लावला. त्यांना हे पचायला वेळ लागणार. माधव म्हणाला, "जिंकलीस बाई." त्याच्या आवाजात आनंद कमी आणि सुटका जास्त होती. का?

निश्चय: १) पुढच्या वर्षी इथल्या सगळ्या मुलांसाठी घरशाळा. २) माझ्या पद्धतीवर पुस्तक. ३) दिल्लीला शिक्षणमंत्र्यांना पत्र. ४) भगत बंद.

२४ एप्रिल, सोमवार.
यशाबद्दल सुट्टी. प्राजूला पाड्यावर पाठवलं नाही. घरात बसवून ठेवलं. सारखी दाराशी जाते. भगताची ओढ सहजासहजी सुटत नाही. आणखी दोन-तीन दिवस ठाम राहायचं.

२९ एप्रिल, शनिवार.
सगळं नीट लिहून काढते म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

सकाळी नऊला सायकलची घंटी. दारात पांढरा शर्ट, पायजमा, काखेत लांबट वही. प्राजू आतून धावत आली, हात जोडून म्हणाली, "नमस्ते गुरुजी!" भगत इतका साधा दिसतो हे बघून मी जास्तच सावध झाले. म्हटलं, "हे बघा, आमच्या घरात हे प्रकार चालणार नाहीत."

तो म्हणाला, "ताई, मी वसंत गुरुजी. पाड्यावरच्या शाळेचा. तुमची प्राजक्ता पहिलीत पहिली आली. फक्त या आठवड्यात आजचा धरून सहा दिवस गैरहजर, म्हणून शंभर टक्के हजेरीचं बक्षीस गेलं." आणि वही उघडून दाखवली. नाव, जन्मतारीख, जुलैपासूनच्या हजेऱ्या. पालकाची सही माधवची.

सही दोनदा वाचून मी माधवला आणि चिमाबाईला समोर बोलावलं, तेव्हा एकेक बाहेर आलं.

जुलैत तपासणीचे साहेब येणार होते. पटावर चाळीस मुलं नसती तर दुसऱ्या मास्तरांची जागा गेली असती. एकोणचाळीस भरत होती. म्हणून चिमाबाईने एक दिवसापुरती प्राजू नेऊन बसवली. दुसऱ्या दिवशी प्राजू आपणहून जाऊन बसली. ऑगस्टमध्ये गुरुजी जन्माचा दाखला मागायला कारखान्यात गेले, तेव्हा माधवला कळलं. डिसेंबरमध्ये पालकसभेत फळ्यावर त्याने उदाहरण सोडवून दाखवलं होतं. म्हणून बाही.

चिमाबाईला म्हटलं, माझ्यापासून लपवलंस? ती उलट चिडली. "मी कुठं लपवलं? साहेब यायचेत, पोरं कमी पडतात, असं तोंडावर सांगितलं. तुम्ही 'ने' म्हणालात. गुरुजी गुरुजी म्हणून वर्षभर सांगते मी!"

माधव म्हणाला, "तुला रोज सांगायचं ठरवायचो गं. पण तू इतकी खूश होतीस." शैलजाताईंनी चहा करून आणला. त्यांना माहीत होतं. किराणावाल्यालाही.

पण सगळ्यात वाईट गुरुजी जाताना बोलले. अगदी प्रेमाने. "मुलगी हुशार आहे ताई. घरी कोणी थोडं लक्ष दिलं, तर आणखी पुढे जाईल."

३० एप्रिल, रविवार.
माधव म्हणतो, ठरलं ते ठरलं, प्राजू पास झाली आहे, घरशाळा चालू ठेवायचा हक्क तुझा. बरोबर आहे. मी जिंकले आहे. मूल मात्र स्वतंत्र आहे, म्हणून निर्णय प्राजूवर सोपवला. ती बराच वेळ बोटं मोजत बसली. मग म्हणाली, "आई, मी नाही गेले तर एकोणचाळीस होतात."



१२ जून १९८९, सोमवार.
शाळा उघडली. प्राजू दुसरीत. पुलापर्यंत सोडायला गेले. मागे वळून बघितलं नाही तिने.

घरशाळा बंद झाली असं कोणी समजू नये. नवा तक्ता केला. दोनच रंग. रविवार, दुपारी दोन ते तीन, विषय प्राजूच्या आवडीचा. संध्याकाळी तिला दाखवला. तिने सगळा वाचला, एकही शब्द न अडता. मग तक्त्याची गुंडाळी करून दप्तरात ठेवली आणि म्हणाली, गुरुजींना विचारून सांगते.